मानवशास्त्राचा एक पाठ

चेंबूरच्या कारखान्यांच्या फाटकांशी युनियनच्या पावत्या फाडण्यात माझी हयात गेली. कॉलेज पाहिले ते बाहेरूनच. तरी मानवशास्त्राचा एक पाठ मी गिरवला आहे.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात, २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी निबंध वाचला. जातीचे मर्म कातडीच्या रंगात नाही, जातीतल्या जातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे; जात म्हणजे दारे लावून घेतलेला वर्ग, असे त्यांनी मांडले. पुढे १९३६ साली त्यांनीच स्वतंत्र मजूर पक्ष काढला.

संपात आम्ही एका फळीत उभे राहतो. मुलीचे लग्न ठरवताना मात्र आपापली दारे लावून घेतो. बी.ए.ला हा विषय घेणाऱ्या मुलांनो, पाड्यांवर जरूर जा. पण पहिले टिपण घरच्या लग्नपत्रिकेवरून करा.