आधी मंडळी, मग दीक्षा
पाळकाची सेवा बिशपने डोक्यावर हात ठेवल्यावर सुरू होते, असे मानतात. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅबसलोम जोन्स यांचे चरित्र मला वेगळे सांगते. जन्माने गुलाम असलेल्या जोन्स यांनी १७८४ मध्ये स्वातंत्र्य मिळवले, १७८७ मध्ये रिचर्ड अ‍ॅलन यांच्यासह कृष्णवर्णीयांची साहाय्यक संस्था उभारली आणि १७९३ च्या पीतज्वरात रुग्णसेवा केली. लोकांनी त्यांना आपले मानले ते तेव्हाच. एपिस्कोपल चर्चमध्ये डीकनपदाची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा १७९५ मध्ये मिळाली. त्यासाठी ग्रीक-लॅटिनची सक्ती माफ झाली, पण धर्मप्रांताच्या अधिवेशनात त्यांच्या सेंट थॉमस या कृष्णवर्णीय मंडळीला जागा नाकारली गेली. हे पत्करणे ही शरणागती नव्हे का? अन्याय उघड होता. मात्र या चर्चमध्ये येतानाच मंडळीने स्वतःच्या कारभाराचा हक्क मागून घेतला होता, आणि त्या काळी कृष्णवर्णीयांना असा हक्क क्वचितच कुठे होता.