‘मॅड मेन’मधील ‘लकी स्ट्राइक’ : एका घोषवाक्याचा इतिहास आणि त्याचे दूरचित्रवाणीवरील चित्रण

अमेरिकेतील एएमसी वाहिनीवर २००७ ते २०१५ या काळात प्रसारित झालेली ‘मॅड मेन’ ही मालिका १९६० च्या दशकातील न्यूयॉर्कच्या जाहिरात व्यवसायावर आधारलेली आहे. मॅथ्यू वायनर यांच्या या मालिकेतील ‘स्टर्लिंग कूपर’ ही जाहिरात संस्था काल्पनिक आहे. तिच्याकडे येणारी अनेक उत्पादने मात्र खरी आहेत. तत्कालीन पोशाख, फर्निचर व कार्यालयीन वातावरण यांच्या अचूक चित्रणाबद्दल मालिकेची प्रशंसा झाली. (पडद्यावर सतत ओढल्या जाणाऱ्या सिगारेटी मात्र तंबाखूच्या नसून वनौषधींच्या होत्या.) वस्तूंबाबत इतकी काटेकोर असलेली ही मालिका जाहिरातीच्या मजकुराबाबत इतिहासापासून कोठे दूर जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिल्या भागाचे कथानक मार्च १९६० मध्ये घडते. सिगारेट आरोग्यास अपायकारक नाही, असा दावा जाहिरातीत करण्यास शासनाने मनाई केल्यामुळे ‘लकी स्ट्राइक’चे मालक चिंतेत आहेत. नायक डॉन ड्रेपर त्यांना सिगारेट कशी तयार होते, असे विचारतो. तंबाखू भाजली जाते, हे ऐकताच तो ‘इट्स टोस्टेड’ हे शब्द फळ्यावर लिहितो. आरोग्याचा प्रश्न बाजूला सारणारी एक निरुपद्रवी, जवळजवळ अर्थशून्य ओळ म्हणून ती प्रेक्षकांसमोर येते.

वस्तुतः हे घोषवाक्य अमेरिकन टोबॅको कंपनीने १९१७ मध्येच वापरात आणले होते. नाटकाला प्रसंग हवा असतो, म्हणून त्रेचाळीस वर्षांचा हा कालविपर्यास क्षम्य मानता येईल. अर्थाचा विपर्यास मात्र अधिक गंभीर आहे. भाजण्याच्या प्रक्रियेमुळे तंबाखूतील दाहक घटक नाहीसे होतात, त्यामुळे घशाला त्रास होत नाही व खोकला येत नाही, असा प्रचार कंपनीने १९२० व १९३० च्या दशकांत केला. १९३० च्या जाहिरातीत तर २०,६७९ डॉक्टरांचा हवाला देण्यात आला होता. याच सुमारास ‘लॉर्ड अँड थॉमस’ संस्थेचे अल्बर्ट लास्कर व कंपनीचे प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांनी मिठाईऐवजी ‘लकी’ ओढण्याचा सल्ला स्त्रियांना देणारी मोहीम चालविली. म्हणजेच ज्या शब्दांना मालिका आरोग्यविषयक दाव्याचा पर्याय म्हणून सादर करते, तेच शब्द इतिहासात त्या दाव्याचे वाहक होते.

या फेरबदलामुळे व्यवसायाची जबाबदारी पुसट होते. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारी संशोधने १९५० मध्ये अमेरिकेत व ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यांना उत्तर म्हणून जानेवारी १९५४ मध्ये तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत संयुक्त निवेदन छापले. जनसंपर्क क्षेत्रातील ‘हिल अँड नोल्टन’ ही संस्था त्यामागे होती. संशय पेरण्याचे हे काम संघटित व दीर्घकालीन होते. एका माणसाच्या क्षणिक प्रतिभेत ते मावणारे नाही.

पुढे चौथ्या पर्वात, ‘लकी स्ट्राइक’ने संस्थेची साथ सोडल्यानंतर, ड्रेपर तंबाखूच्या जाहिराती नाकारणारे जाहीर पत्र वृत्तपत्रात छापतो. ही कृती व्यावसायिक डावपेच आहे, हे मालिका लपवीत नाही. तिच्या प्रामाणिकपणाचा हा भाग मान्य केला पाहिजे. प्रत्यक्षात ‘मॅककॅन एरिक्सन’चे अध्यक्ष इमर्सन फूट यांनी १९६४ मध्ये सिगारेटच्या जाहिरातींच्या प्रश्नावरून पद सोडले व ते धूम्रपानविरोधी मोहिमेत सहभागी झाले. पूर्वी ‘लकी स्ट्राइक’चेच काम केलेला हा मनुष्य मालिकेतील कोणत्याही पात्राइतकाच नाट्यमय आहे.

मालिकेचे कथानक १९७० च्या अखेरीस संपते. अमेरिकेतील रेडिओ व दूरचित्रवाणीवरून सिगारेटच्या जाहिराती त्यानंतर लवकरच, २ जानेवारी १९७१ पासून, कायद्याने बंद झाल्या.