दोन मेयो

नागपूरकराला ‘मेयो’ म्हणजे आपले जुने इस्पितळ. त्याला नाव मिळाले ते 1872 साली अंदमानात मारल्या गेलेल्या लॉर्ड मेयोंचे. माझ्या मावशीला ल्यूपस झाला, तेव्हा या रोगाची खूण ठरलेली पेशी 1948 साली ‘मेयो’त सापडली, असे वाचून मी हरखलोच! पण ते मेयो अमेरिकेतले, रॉचेस्टर गावच्या डॉक्टर बंधूंचे.

या बंधूंनी 1915 साली 15 लक्ष डॉलर दिले, ते तरुण डॉक्टरांना एकेका विषयात तयार करण्यासाठी. त्यांच्या मेयो फाउंडेशनमध्ये 1921 साली फिलिप हेंच फेलो म्हणून आले. 1948 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले. 1950 मध्ये दोघा शास्त्रज्ञांसमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ल्यूपस म्हणजे कुंपणानेच शेत खाणे. शरीराचे रक्षकच शरीरावर उलटतात. त्यांना आवरणारी मावशीची गोळी याच औषधाच्या कुळातली.

दिवाळीत दानधर्म करताना वाटते, धर्मशाळा पुष्कळ झाल्या. एखाद्या डॉक्टरच्या शिक्षणाचा भार उचलला, तर तो दिवा कुणाच्या घरी उजेड पाडील, सांगता येत नाही. आमच्या घरी पडला आहे.