आडनावात बाईचं गाव कुठं असतं?

आज आडनावांबद्दल बोलूया.

आपल्याकडं पुष्कळ आडनावांच्या शेवटी 'कर' असतं. माणूस गाव सोडून दुसरीकडं राहायला गेला, की तिथले लोक त्याला मूळ गावावरून ओळखायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. त्यावरून शाळेत आंबडवेकर नाव लागलं, त्याचं पुढं आंबेडकर झालं. दीनानाथ मंगेशकरांचं आडनाव गोव्यातल्या मंगेशी गावावरून आलं. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही आडनावं वतनावरून पडली.

ही गावं, ही वतनं बापाकडून मुलाकडं गेली. लेकीचं मात्र लग्नात आडनाव बदलायचं, कित्येक घरांत पहिलं नावसुद्धा. कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली. देवराष्ट्रे गावची यमुना कुर्लेकर लग्नानंतर रमाबाई रानडे झाली. दोघींचं मोठं नाव झालं, पण ते सासरचं.

तरी बायकांनी आपली एक रीत ठेवली. सासू, जावा नव्या सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायच्या: वाईवाली, कराडवाली. हेही 'कर'च, पण फक्त तोंडी. कागदावर ते चढलं नाही. बाई गेली की तिचं गावही विसरलं जायचं.

मैत्रिणींनो, यात हक्काचाही प्रश्न आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतका वाटा मिळाला. पण वारसनोंद करायला गेलं, की शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरं. मग दोन्ही नावं एकाच बाईची, हे तिलाच सिद्ध करावं लागतं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही. बदललं असेल, तर शाळेचा दाखला आणि लग्नाचा दाखला जपून ठेवा. घराची वंशावळ लिहिताना लेकींची नावं घातलीत का, तेही बघा.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढं सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असं आपल्या राज्य सरकारनं ठरवलंय. आईचं नाव कागदावर आलं. तिचं गाव आपणच लिहून ठेवायचं आहे. पुढच्या बैठकीला येताना आईच्या आईचं माहेर कुठलं, ते विचारून या. गटाच्या वहीत एक पान त्यासाठी राखूया.