इफेससचा गाळ

ग्रुप टूरबरोबर जाऊन इतिहास बघता येत नाही, असं आमच्या घरातल्या काही मंडळींचं ठाम मत आहे. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. झेंडीवाला गाइड पुढे, चाळीस माणसं मागे, आणि "इथे फक्त दहा मिनिटं हं" हा मंत्र सतत कानावर. पण एकट्याने गेलो असतो तर जे माझ्या लक्षातही आलं नसतं असं काहीतरी मला अशाच एका बसटूरवर कळलं. म्हणून हा प्रपंच.

२०१४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तुर्कस्तानला गेलो होतो. मुक्काम कुशादासीला, समुद्रकाठी. तिथून सकाळी साडेआठला बस सुटली ती इफेससकडे. बस म्हणजे आपलं चालतंबोलतं कुटुंबच. भाकरवडी पुढून मागे, चिवडा मागून पुढे. वीसेक किलोमीटरचं अंतर, त्यात एक गणपतीची आरती आणि अर्धी अंताक्षरी झाली. आमच्या मागच्या सीटवर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर काका होते. ते अंताक्षरीत भाग घेत नसत. खिडकीतून शेतं, नाले, पूल बघत बसत.

इफेससला दोन दरवाजे आहेत, एक वरच्या अंगाला आणि एक खालच्या. बस तुम्हाला वर सोडते आणि खाली जाऊन थांबते. उतार उतरत शहर बघायचं. सोय चांगली आहे, कारण सावली म्हणाल तर नावाला नाही. दोन्ही बाजूंना पांढरा संगमरवर आणि डोक्यावर ऊन. सभागृह, कारंजी, देवळांच्या कमानी असं करत आपण क्युरेटीस रस्त्याने खाली येतो. मध्ये सार्वजनिक शौचालय लागतं. संगमरवरी बाकाला ओळीने भोकं, खालून वाहतं पाणी. आमच्या ग्रुपचा सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त फोटो इथेच खर्ची पडले, हे सांगायला नकोच.

रस्त्याच्या शेवटी सेल्ससचं ग्रंथालय. फोटोत बघितलेलं असतं तरी समोर आल्यावर माणूस गप्प होतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सेल्सस नावाच्या रोमन अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने ते बांधायला घेतलं. आत सुमारे बारा हजार गुंडाळ्या मावत असाव्यात असा अंदाज आहे. वडिलांचं दफन ग्रंथालयाखालीच केलं. आपण बघतो ती दुमजली दर्शनी भिंत मात्र १९७० च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पडलेले तुकडे जुळवून पुन्हा उभी केलेली आहे. ऑस्ट्रियाची माणसं इथे १८९५ पासून खणतायत. पुढे २०१५ मध्ये युनेस्कोने इफेससला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

तिथून पुढे मोठं नाट्यगृह. डोंगराच्या पोटात कोरलेल्या पायऱ्या, सुमारे चोवीस हजार माणसं बसतील एवढ्या. आणि त्याच्यासमोर नाकासमोर जाणारा एक रुंद, सरळ रस्ता. अर्धा किलोमीटर लांब. चौथ्या शतकाच्या अखेरीस अर्केडियस या सम्राटाच्या काळात त्याची डागडुजी झाली म्हणून त्याला अर्केडियन रस्ता म्हणतात. दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, आणि रात्री दिवेसुद्धा लागत. त्या काळात रस्त्यावर दिवे म्हणजे केवढा डामडौल! गाइड म्हणाला, "जहाजातून उतरलेला पाहुणा याच रस्त्याने शहरात यायचा."

मी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथे झुडपं होती, पाणथळीतलं गवत होतं. जहाज कुठून येणार?

"समुद्र कुठेय?" मी विचारलं. गाइडने पश्चिमेकडे हात केला. "तिकडे. पाचेक किलोमीटर."

तेव्हा मागून काका पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "गाळ!"

मग तिथेच, नाट्यगृहाच्या खालच्या पायरीवर बसून, गाइड आणि काका यांची अशी काही जुगलबंदी झाली की टूर मॅनेजरने तीनदा घड्याळ दाखवूनही कुणी हललं नाही. मी त्यानंतर घरी येऊन बरंच वाचलं. त्या दिवशी ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं असं एकत्रच सांगतो.

इफेसस बंदराच्या जिवावर मोठं झालं. आशियातून येणारा माल इथे जहाजात चढायचा. पण त्याच बंदरात केस्टर नदी येऊन मिळायची, आणि येताना डोंगरावरची माती घेऊन यायची. आज तिला कुचुक मेंदेरेस म्हणतात, म्हणजे धाकटी मेंदेरेस. किनारा हळूहळू पुढे सरकायचा आणि शहराला त्याच्या मागे धावावं लागायचं. अलेक्झांडरचा एक सरदार लिसिमाकस याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला शहर नव्या जागी हलवलं. लोक जुनी घरं सोडायला तयार नव्हते. स्ट्रॅबो हा प्राचीन भूगोलकार सांगतो की लिसिमाकसने मोठ्या पावसाची वाट पाहिली आणि गटारं बुजवून टाकली. जुनं शहर पाण्याखाली गेलं, मग लोक निमूट हलले. पुनर्वसनाची ही तऱ्हा ऐकून काकांनी नुसती मान हलवली. बहुधा त्यांना बऱ्याच गोष्टी आठवल्या असाव्यात.

पुढची गोष्ट त्याहून भारी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पेर्गाममचा राजा दुसरा अटालस याच्या अभियंत्यांनी ठरवलं की बंदराचं तोंड फार रुंद आहे, ते बांध घालून अरुंद करू, म्हणजे पाणी खोल राहील आणि मोठी जहाजं आत येतील. बांध घातला. झालं उलटंच. आधी भरती-ओहोटीबरोबर थोडा तरी गाळ बाहेर जायचा, तो आता आतच कोंडला गेला आणि अख्खं बंदर उथळ झालं. हेही स्ट्रॅबोनेच लिहून ठेवलंय. अभियंते आणि राजा दोघंही फसले, असं तो स्वच्छ म्हणतो.

त्यानंतर रोमन आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात बारेया सोरानस या सुभेदाराने बंदर मोकळं करायला घेतलं. १२९ साली सम्राट हेड्रियनने बंदर दुरुस्त केलं, नदीचा प्रवाहही वळवला. त्याच शतकातला एका सुभेदाराचा हुकूम शिलालेखात सापडलाय. लाकूड आणि दगडाच्या व्यापाऱ्यांनी धक्क्यावर माल रचू नये, तिथे संगमरवर कापू नये, त्याचा चुरा पाण्यात जातो, अशा अर्थाचा. म्हणजे "येथे राडारोडा टाकू नये, हुकमावरून" ही पाटी चांगली अठराशे वर्षांची जुनी आहे!

तिसऱ्या शतकात भूकंप झाला, गॉथ टोळ्यांनी लूट केली. त्यातूनही शहर उठलं. ४३१ साली ख्रिस्ती धर्मगुरूंची मोठी परिषद इथे भरली, म्हणजे तोवर इफेससचा मान होता. पण बंदर भरतच राहिलं. दलदल झाली, डास झाले, आणि सातव्या शतकापासून वस्ती हळूहळू जवळच्या आयासुलुक टेकडीकडे सरकली. आजचं सेल्चुक गाव ते तिथेच.

मला यातलं जे लागलं ते असं. शहर मेलं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शत्रू येतो, आग येते, निदान ज्वालामुखी तरी. इथे तसं काही नाही. आगी, भूकंप, लुटी सगळं पचवलेलं हे शहर मातीने भरून गेलं. आणि तेही कुणी दुर्लक्ष केलं म्हणून नव्हे. जवळजवळ प्रत्येक पिढीतल्या कुणी ना कुणी प्रयत्न केले, पैसा ओतला, हुकूम काढले. जगातलं सगळं सतत बदलत असतं हे नदीच्या उदाहरणाने समजावणारा तत्त्वज्ञ हेराक्लिटस याच गावचा. गावाला याहून आधी कुणी सावध करायचं?

"मग चुकलं कुठे?" मी काकांना बसमध्ये विचारलं.

"बंदरात बघत राहिले," ते म्हणाले. "गाळ दिसतो खाली, पण येतो वरून. वर झाडं तुटली, शेतं झाली, गुरं चरली की पावसाबरोबर माती येणारच. खाली कितीही उपसा. आम्ही धरण बांधतो तेव्हा गाळासाठी मृतसाठा म्हणून जागाच सोडलेली असते. गाळ येणार हे गृहीतच. तो किती वर्षांत भरेल हे मात्र धरणावर ठरत नाही, पाणलोटात ठरतं."

दुपारी बस एका चामड्याच्या जॅकेटांच्या दुकानाशी थांबली. इफेससला दीड तास आणि जॅकेटांना दोन तास, हा हिशोब बसटूरमध्येच जमतो. संध्याकाळी परतताना आर्टेमिसच्या देवळाशी पाच मिनिटं. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. इथे शंभराहून जास्त खांब होते असं प्राचीन लेखक सांगतात. आता पाणथळ जागेत तुकडे रचून उभा केलेला एकच खांब, आणि त्याच्या डोक्यावर करकोच्याचं घरटं. हे देऊळही गाळाखाली असं गाडलं गेलं होतं की जॉन टर्टल वूड या इंग्रजाला ते शोधायला १८६३ ते १८६९ अशी सहा वर्षं लागली. बायकोने फोटो काढला. मी मात्र राजापूरचा विचार करत होतो.

आमच्या घरच्यांना वेगळं सांगायला नको. राजापूर हे एके काळी कोकणातलं मोठं बंदर. सतराव्या शतकात इंग्रजांनी उगाच नाही तिथे वखार घातली. महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरावर स्वारी करून त्या वखारीतल्या इंग्रजांना कैद केलं, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. तेव्हा मोठी गलबतं खाडीतून आत यायची. मग खाडी भरत गेली. एकोणिसाव्या शतकातच मोठ्या जहाजांना गावापर्यंत येता येईना. आजी सांगायची की तिच्या आजेसासऱ्यांच्या वेळी निदान पडावातून तरी माल धक्क्याला लागायचा. तिने स्वतः मात्र तेही पाहिलं नव्हतं. आता अर्जुना आणि कोदवली पावसाळ्यात जवाहर चौकात येतात, दुकानदार माल माळ्यावर चढवतात, आणि पाणी ओसरलं की "नदीतला गाळ काढा" म्हणून आपण सगळे एकमुखाने बोलतो.

गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. सोरानसनेही काढला होता, हेड्रियननेही. पण यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा पुलावर उभं राहून नुसतं खाली पाण्याकडे बघू नका. जरा मान वर करून डोंगराकडेही बघा. तिथे किती झाड उरलंय, किती उतार नव्याने उघडे पडलेत, ते मोजा आणि मला कळवा. मीही बघणार आहे.