काटुले
काटुले : (करटोली, हिं. ककोडा, लॅ. मोमॉर्डिका डायोइका, कुल–कुकर्बिटेसी). केजच्या परिसरात व बालाघाटच्या डोंगररांगांत पावसाळ्यात कुंपणांवर, झुडपांवर चढणारी बहुवर्षायू वेल. हिवाळ्यात ती वाळते. कंद जमिनीत तगून राहतो व पावसाबरोबर पुन्हा फुटतो. परसात लावायची तर कंदच घ्यावा. बी टणक कवचाचे आणि उगवायला भलतेच आळशी. शिवाय नर-मादी वेली वेगळ्या असल्याने रोप कोणते ते फूल येईपर्यंत कळत नाही. कंदाचे लिंग मूळ वेलीवरून आधीच ठाऊक असते. आठ-दहा मादी वेलींमागे एक नर पुरतो. बिअरसाठी लावतात ती हॉपची वेलही अशीच वेगळ्या लिंगांची व जमिनीखालच्या खोडापासून वाढवलेली. तिथे मात्र नर वेल नकोशी असते.

काळ्या भारी जमिनीत पाणी साचले की कंद सडतो, म्हणून जूनमध्ये तो वरंब्यावर, डोळा वर ठेवून लावावा आणि वेलीला मांडव द्यावा. पिवळी फुले संध्याकाळी उमलतात. नर फुलाखाली टोपीसारखे छद असते, तर मादी फुलाखाली इवलेसे काटेरी फळच दिसते. नर वेल जवळ नसेल, तर नर फूल आणून मादी फुलावर हाताने पराग लावावेत. बी टणक होण्याआधीच फळे तोडावीत. पिकल्यावर ती नारिंगी होऊन फुटतात.