दुसऱ्याच्या हाती धाडलेले फूल

नोव्हेंबरची २ तारीख हा सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन. चार-पाच वर्षांपूर्वी त्या दिवशी सायंकाळी आम्ही उत्तर नागपुरातील जरीपटका येथील ख्रिस्ती दफनभूमीत कबरींना आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. दाराशी मेणबत्त्या आणि झेंडूची फुले विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्या गर्दीत एक तरुण मोटारसायकल बाजूला लावून, हाती भला मोठा बुके घेऊन, गोंधळल्यासारखा उभा होता. गुच्छाला लावलेल्या चिठ्ठीवर एका स्त्रीचे नाव होते आणि पत्ता म्हणून दफनभूमीचेच नाव लिहिले होते. मागणी परदेशातून आली होती. आम्हांला पाहताच तो पुढे आला आणि म्हणाला, ‘‘फादर, या बाईंचा फोन नंबर दिलेला नाही. त्या कुठे भेटतील?’’

त्या कुठे भेटतील, या प्रश्नाचे उत्तर आम्ही सेमिनरीत अनेक वर्षे शिकलो आहोत. परंतु त्या मुलाला जे उत्तर हवे होते ते मात्र आमच्यापाशी नव्हते. कबरीचा क्रमांक नाही, रांग नाही, कोणा नातेवाइकाचे नाव नाही. आम्ही विचारात पडलेले पाहून दाराशी बसलेली एक वृद्ध फुलवाली उठली. ‘‘ती बाई मला माहीत आहे. नवऱ्याच्या कबरीसाठी दरवर्षी माझ्याचजवळून फुलं घेत होती. आता त्याच्याच बाजूला आहे. चला, दाखवते,’’ असे म्हणून ती पुढे चालू लागली, आणि तो तरुण व आम्ही तिच्यामागून निघालो.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. दुसऱ्याच्या हाती धाडलेले फूल हे धाडणाऱ्याचे असते की आणणाऱ्याचे? प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्यांची मुले दुबई, टोरांटो वा मेलबर्नला आहेत, अशा आपल्या समाजातील असंख्य घरांना तो लहान वाटणार नाही. त्याचे उत्तर शोधताना या प्रथेचा इतिहास थोडा चाळावा, असे आम्हांस वाटले.

फुले घरपोच मिळण्याची सोय पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवली, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. महाराष्ट्रातील गावोगावी आणि पेठापेठांतून फुलपुडीचा रतीब पूर्वापार चालत आला आहे. पहाटे माळीण वा फुलवाला पानात बांधलेली फुलांची पुडी दाराच्या कडीला अडकवून जाई, हिशेब महिन्याचा. कोणत्या घरी बेल हवा, कोणत्या घरी दूर्वा, कोणत्या घरात सुतक असल्याने चार दिवस पुडी टाकावयाची नाही, हे त्याला तोंडपाठ असे. फुले पुरविणे हा येथे केवळ विक्रीचा व्यवहार नव्हता. घरादाराची खबर ठेवण्याचा तो एक मार्ग होता. महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी पुण्यास पेशव्यांकडे फुले पुरविण्याचे काम केले आणि त्यावरूनच ‘फुले’ हे आडनाव रूढ झाले. म्हणजे आधुनिक महाराष्ट्राच्या एका महापुरुषाच्या नावातच हा व्यवसाय कोरला गेला आहे.

आपल्या वसईकर बांधवांना तर याविषयी काही सांगावयास नको. वसईच्या वाड्यांतील मोगरा, सोनचाफा आणि जास्वंदीच्या कळ्या पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जातात. तेथून ती फुले कोणाच्या वेणीत, कोणाच्या देवघरात, कोणाच्या शवपेटीवर जातात, हे पिकविणाऱ्याला कळत नाही. ख्रिस्ती माणसाच्या वाडीतील कळी गणपतीच्या हारात ओवली जाते, यात ना पिकविणाऱ्याला वावगे वाटते, ना हार घालणाऱ्याला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) मराठी भाषेची थोरवी सांगताना फुलांपैकी मोगऱ्याचीच उपमा योजली, हे वाचकांना विदित आहेच.

परंतु या रतिबाला एक मर्यादा होती. तो एका गावापुरता होता. पुण्याच्या फुलवाल्याला नागपूरच्या दारी पुडी टाकता येत नव्हती, कारण फूल प्रवासात टिकत नाही. ही अडचण ज्यांनी सोडविली, त्यांनी ती मोठ्या चातुर्याने सोडविली. १९०८ साली बर्लिनमधील मॅक्स ह्युब्नर या पुष्पविक्रेत्याने निरनिराळ्या शहरांतील फुलवाल्यांची एक संघटना उभी केली. पुढे ती ‘फ्ल्यूरॉप’ या नावाने ओळखली जाऊ लागली. दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, अमेरिकेतील पुष्पविक्रेत्यांनी अशीच संस्था स्थापन केली आणि तिच्या नावातच तारयंत्राचा उल्लेख केला. हाती पुष्पगुच्छ घेऊन धावणारा रोमन देवदूत मर्क्युरी हे तिचे बोधचिन्ह ठरले.

हे बोधचिन्ह सुंदर आहे. पण ते वस्तुस्थितीला धरून नाही. या योजनेत फुले घेऊन कोणीच धावत नव्हते! एका शहरातील गिऱ्हाईक आपल्या ओळखीच्या दुकानात जाई, पैसे भरी, निरोप सांगे. दुकानदार तो निरोप तारेने दुसऱ्या शहरातील व्यवसायबंधूला कळवी. तो आपल्याच दुकानातील, आपल्याच मुलखातील ताजी फुले निवडून, आपल्याच माणसाबरोबर ती त्या दारी धाडी. १९४६ साली युरोप, अमेरिका आणि ब्रिटन येथील संघटनांनी एकत्र येऊन ‘इंटरफ्लोरा’ ही जागतिक व्यवस्था उभारली. देशोदेशींच्या चलनांतील घोटाळा टाळण्यासाठी ‘फ्ल्यूरिन’ नावाचे हिशेबाचे स्वतंत्र एककही तिने योजले. नुकत्याच संपलेल्या महायुद्धात जी राष्ट्रे परस्परांवर बाँब टाकीत होती, त्यांचे फुलवाले एकमेकांच्या शब्दावर उधारीने फुले देऊ लागले, ही गोष्ट इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच नोंदली जाते.

या योजनेचे मर्म आमच्या मते एकाच वाक्यात सांगता येईल. प्रवास शब्द करीत होता. फूल त्या त्या गावचेच असे. धाडणाऱ्याचे प्रेम आणि पोहोचविणाऱ्याची पारख यांची ती भागीदारी होती. न्यूयॉर्कच्या मुलाला आपल्या आईच्या गावी या महिन्यात काय फुलते हे ठाऊक नसेल. पण तेथल्या फुलवाल्याला ते ठाऊक असे.

आता जरीपटक्याकडे वळू. ‘जरीपटका’ म्हणताच मराठी माणसाला मराठ्यांचे जरीचे निशाण आठवते. परंतु या वस्तीचा अलीकडचा इतिहास विजयाचा नसून विस्थापनाचा आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. दुकान थाटून, कष्ट करून त्यांनी वस्ती उभी केली, आणि पुढे त्यांच्या मुलानातवंडांपैकी अनेक जण व्यापारासाठी आणि नोकरीसाठी पुन्हा दूरदेशी गेले. शेजारच्या ख्रिस्ती व बौद्ध घरांची कथाही आज याहून फार निराळी नाही. वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला, सणाला फुले धाडणारी माणसे अशा वस्तीत अधिक असणार, यात नवल ते काय?

भारतात ही प्रथा मध्यमवर्गापर्यंत पोहोचली ती मुख्यतः १९९० नंतर. १९९४ साली दिल्लीत ‘फर्न्स एन पेटल्स’चे पहिले दुकान निघाले आणि पाहता पाहता त्या नावाच्या शाखा अनेक शहरांत पसरल्या. तारेची जागा दूरध्वनीने आणि पुढे संगणकाने घेतली. भारतातील तारसेवा तर जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. त्याच काळात पॉलिहाउसची शेती वाढली. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे व मावळ परिसरातील गुलाब परदेशी जाऊ लागले. जे फूल प्रवासात टिकत नव्हते ते थंड पेट्यांतून शेकडो कोस जाऊ लागले. नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात विदर्भातील शेवंती आणि झेंडू यांच्याबरोबर पुण्याबंगळुरूकडील जरबेरा आणि लांब दांड्यांचे गुलाब दिसू लागले.

यात शेतकऱ्याचे कल्याण झाले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या जुन्या भागीदारीतील एक भागीदार मात्र हळूहळू मागे सरला. आज दूरदेशी बसलेला मुलगा चित्र पाहून गुच्छ निवडतो, आणि येथील दुकानदाराला त्या चित्राबरहुकूम गुच्छ बांधावा लागतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो; त्या उन्हात जरबेराची मान सायंकाळपर्यंत खाली पडते. मोगरा मात्र याच उन्हाळ्यात भरभरून फुलतो. फुलवाल्याला हे कळते. परंतु चित्रात मोगरा नसतो. गुच्छाखालचा हिरवा स्पंज १९५४ साली अमेरिकेत बाजारात आला. तो प्लास्टिकच्याच जातीचा असल्याने कुजत नाही, आणि फुले सुकून गेल्यावरही कबरीवर तसाच पडून राहतो.

म्हणूनच की काय, अलीकडे कुंडीतील रोप भेट देण्याकडे लोकांचा कल वाढला आहे. जिवंत रोप दूर धाडणे हीदेखील एके काळी अशक्यप्राय गोष्ट होती. जहाजावरील खाऱ्या वाऱ्याने रोपे मरत. लंडनमधील डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास, बंद काचपात्रात ठेवलेल्या ओल्या मातीत नेच्याचे रोप आपोआप उगवलेले दिसले. त्यावरून त्यांनी काचेची बंद पेटी तयार केली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून धाडलेली रोपे सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली, आणि पुढे चीनमधील चहाची रोपे भारतात आली तीही याच पेट्यांतून. आज नागपूरकराला इतका खटाटोप करावा लागत नाही. जवळच्या नर्सरीत कुंडी मिळते आणि दुकानाचा मुलगा ती घरी आणून देतो.

जरीपटक्यातील आमच्या परिचयाच्या एका आजींना त्यांच्या मुलाने पंचाहत्तरीनिमित्त अशीच एक कुंडी धाडली. प्रथम त्या थोड्या रुसल्या. फुले का नाही, म्हणाल्या. आता दर रविवारी फोनवर मुलगा विचारतो, ‘‘नवीन पान आलं का?’’ आजी आम्हांला हसून सांगत होत्या, ‘‘माझ्या तब्येतीबद्दल मी त्याला नेहमीच ‘बरी आहे’ म्हणते, फादर. पण रोपाबद्दल खरं सांगते. पाणी घालायला वाकता आलं नाही, तर तेही सांगून जाते.’’ फूल निरोप देते आणि सुकते. रोप मात्र रोज विचारपूस करावयास लावते. दोहोंत श्रेष्ठ कोण, हे ठरविण्याचे कारण नाही. पण दोहोंतील फरक धाडणाऱ्याने जाणावा.

ख्रिस्तसभेच्या परंपरेत फुलवाल्यांची आश्रयदाती म्हणून संत डोरोथी ओळखली जाते. कथा अशी की, तिला वधस्तंभाकडे नेत असता थिओफिलस नावाच्या वकिलाने उपहासाने म्हटले, ‘तुझ्या स्वर्गीय वराच्या बागेतील फुले-फळे मला धाड.’ ऐन हिवाळ्यात एका बालकाने गुलाब आणि सफरचंदांची टोपली त्याच्या हाती आणून दिली, आणि उपहास करणारा श्रद्धावंत झाला. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही, आणि १९६९ च्या सुधारणेत तिचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळण्यातही आला. तरीही कथेतील एक खूण आम्हांला मोलाची वाटते. डोरोथी स्वतः येत नाही. बालकाच्या हाती फुले धाडते, आणि ते अनोळखी हात हाच कथेचा प्राण आहे.

ज्यांच्या नावे नागपूरचे कॅथेड्रल उभे आहे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनी भक्तिमय जीवनावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथाची (१६०९) प्रस्तावना एका फुलवालीच्याच उल्लेखाने सुरू केली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? प्राचीन ग्रीसमधील ग्लिसेरा त्याच त्या फुलांची इतक्या परींनी गुंफण करी की तिचे गुच्छ रंगविताना पॉसिअस हा चित्रकार थकून गेला. जुन्याच शिकवणुकीची आपण नवी गुंफण करीत आहोत, एवढेच त्या नम्र संताला सांगावयाचे होते. पण चित्रकाराला हरविणारी ती बोटे फुलवालीची होती, हे आम्ही विसरू इच्छीत नाही.

असो. दूरदेशी असलेल्या आपल्या मुलांना आमचे एवढेच सांगणे आहे की फुले जरूर धाडावीत. त्यात उणेपणा मुळीच नाही. मात्र चित्राबरोबर दोन शब्दही धाडावेत : ‘या दिवसांत तुमच्याकडे जे चांगले मिळत असेल ते द्या.’ कबरीवर धाडावयाची असल्यास रांग, क्रमांक आणि जवळच्या एखाद्या माणसाचे नाव कळवावे. आणि सुटीत घरी याल तेव्हा दाराशी बसलेल्या फुलवालीशी दोन शब्द बोलावेत. तुमच्या गैरहजेरीत तुमच्या माणसांना तीच ओळखते.

त्या सायंकाळी फुलवालीने आम्हांला कबरीपाशी नेले. तरुणाने गुच्छ ठेवला. तो थोडा कलला, तेव्हा तिने वाकून तो सरळ केला आणि आपल्या टोपलीतील मूठभर झेंडू शेजारच्या नवऱ्याच्या कबरीवर वाहिला. आम्ही पैसे देऊ केले. तिने घेतले नाहीत. फुले पोहोचल्याची खूण म्हणून त्या तरुणाला मोबाईलवर छायाचित्र काढून पाठवावयाचे होते. त्याने ते काढले आणि आम्हांला दाखविले. एका कोपऱ्यात गुच्छ सावरणारा सुरकुतलेला हात आला होता. ‘‘दुसरा काढू का, फादर?’’ त्याने विचारले. आम्ही म्हणालो, ‘‘नको. हाच पाठव.’’